नसलेल्या क्लचवरचा पाय

माझ्या मामाचा डावा पाय घोट्याखाली कामाचा नाही. पाय आहे, पाची बोटं आहेत, चपलेत नीट बसतो. पण त्यात जोर नाही. रस्त्याकडेला चाक बदलताना जॅक घसरला आणि गाडी पायावर बसली. त्याआधी पंधरा वर्षं तो ट्रकवर ड्रायव्हर होता. नंतर नव्हता. ट्रकचा क्लच डाव्या पायानेच दाबावा लागतो, आणि तोही चांगला जोर लावून.

अपघातानंतर तो आमच्याकडे राहायला आला. आमची वस्ती गावाच्या टोकाला, रेणापूरच्या रस्त्यावर आहे. रस्ता तिथे चढाला लागतो. मामा दोन वर्षं ओट्यावर बसून चढावरच्या गाड्या ऐकत होता. ट्रक चढायला लागला की तो आवाजावरून गिअर सांगायचा. "टाक आता तिसरा," असं म्हणायचा. ड्रायव्हरला ऐकू जाणं शक्य नव्हतं. पण बहुतेक वेळा त्याच क्षणी गिअर पडायचा, आणि त्याच क्षणी मामाचा डावा पाय जमीन दाबायचा. ते त्याला कळत नसे. आईला कळायचं. ती भाकरी थापता थापता तोंड फिरवायची.

मग लातूरच्या एका आडत दुकानदाराने एक ट्रक घेतला. त्यांना सगळे अप्पा म्हणत, मीही तेच म्हणते. ट्रक मिलिटरीच्या लिलावातला, परदेशी आणि माझ्यापेक्षा वयाने मोठा होता. स्वस्त मिळाला, कारण त्याला क्लच नव्हता. मोडलेला नव्हता, मुळातच नव्हता. पायाखाली दोनच पट्ट्या, एक ब्रेकची आणि एक ॲक्सिलरेटरची. गिअर आपोआप पडायचे. लातूरच्या ड्रायव्हरांनी एकेकदा बसून पाहिलं आणि उतरले. ज्या गाडीत गिअर आपल्या हातात नाही ती चालवणं त्यांना बरोबर वाटलं नाही.

अप्पांनी मामाला निरोप धाडला. मामा गेला तेव्हा ते म्हणाले, "तुझ्यासारखीच गाडी हाय बघ. तिलाबी डावा पाय न्हाई."

मामाने हे घरी येऊन सांगितलं तेव्हा आई म्हणाली, असं बोलतात का माणसाला. मामा म्हणाला, खरंच आहे की. दुसऱ्या दिवसापासून तो पुन्हा ड्रायव्हर झाला.

लातूर जिल्हा तेव्हा नवा नवा वेगळा झाला होता. कचेऱ्यांवर नव्या पाट्या आल्या होत्या. पाऊस मात्र आला नव्हता. अप्पांनी ट्रकवर पाण्याची टाकी चढवली आणि गावांना पाणी पुरवण्याचं काम घेतलं. नदीपात्रातल्या एका खोल विहिरीवर टाकी भरायची आणि दिवसाला तीन खेपा करायच्या. पहिली खेप गावाच्या वेशीपाशी, दुसरी शाळेपाशी, तिसरी राहिलेल्या वस्त्यांना. आमची वस्ती राहिलेल्यांत होती.

ट्रक पेट्रोलवर चालायचा आणि फार प्यायचा. म्हणून अप्पांनी त्याचं पेट्रोल इंजिन काढून डिझेल इंजिन बसवून घेतलं. आमच्याकडे जुन्या जीपला, जुन्या मोटारीला डिझेल इंजिन बसवणं याला कुणी मोठं काम समजत नाही. दिवाळीला भिंतीला चुना लावावा तसं ते करतात. इंजिन बसलं, सुरू झालं, धूरही बरोबर रंगाचा आला. पण त्या दिवसापासून ट्रक दुसऱ्या गिअरच्या वर जाईना.

गाडीला चार गिअर. पहिला पडायचा, दुसरा पडायचा आणि मग इंजिन नुसतं ओरडत राहायचं. सायकलवाले ओलांडून जात. दिवसाला तीनच्या दोन खेपा होऊ लागल्या. तिसरी राहू लागली.

अप्पा वाईट माणूस नव्हते. त्यांनी मामाला समोर बसवून सांगितलं की, पंधरा दिवस बघतो. नाहीतर हा ट्रक मोडीत घालतो आणि साधा घेतो. साध्याला क्लच असतो हे दोघांनाही माहीत होतं. मग म्हणाले, "तू गोदामावर बस. पोती मोजायला मानूस लागतोच."

मी तेव्हा नांदेडला बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला होते आणि वसतिगृहात राहत होते. आमच्या घरात कॉलेजला गेलेली मी पहिलीच. त्यामुळे घरच्यांना माझ्याविषयी काही गैरसमज होते. त्यांपैकी एक असा की, मला इंग्रजी येतं.

एका दुपारी वसतिगृहाच्या फाटकाशी मामा आला. तो सकाळी अंधारात लातूर सोडून निघाला होता आणि सगळी वाट दुसऱ्या गिअरमध्ये आला होता. नांदेडला एक उस्ताद होते, ज्यांनी असल्या गिअरपेट्या पूर्वी खोललेल्या होत्या. ट्रक त्यांच्याकडे लावून मामा रिक्षाने माझ्याकडे आला होता. त्याच्या हातात तेलाने काळं झालेलं एक पुस्तक होतं. ते ट्रकच्या सीटखाली सापडलं होतं.

"इंग्लिश हाय," तो म्हणाला. "तूच वाच आता."

मी म्हटलं, मला यातलं काही कळत नाही. तो म्हणाला, कळत नाही ते वाचल्यावर कळतं, म्हणून तर तुला शिकवलं.

मी रेक्टरबाईंना रजेचा अर्ज दिला. बाकीच्या मुली कारण लिहिताना 'घरी आजारपण' असं लिहीत. मला खोटं लिहिणं जमलं नाही. मी 'मामाच्या ट्रकची गिअरपेटी पाहण्यासाठी तीन दिवस' असं लिहिलं. रेक्टरबाईंनी अर्ज दोनदा वाचला, माझ्याकडे पाहिलं आणि 'मंजूर' असं लिहून सही केली. त्यांनी काही विचारलं असतं तर बरं झालं असतं, असं मला वाटत राहिलं.

उस्ताद साठीचे होते. त्यांनी आधीच गिअरपेटीचं तेल पाहिलं होतं, आतले पट्टे पाहिले होते, जे जे खराब होऊ शकतं ते सगळं पाहिलं होतं. ते एका टायरवर बसून चहा पीत होते आणि नाराज दिसत होते.

"सगळं चांगलं हाय," ते मामाला म्हणाले. "हेच वाईट हाय. बिमारी सापडली तर इलाज करता येतो."

मी पुस्तक घेऊन एका लाकडी खोक्यावर बसले. पहिल्या दिवशी मी फक्त वाचत होते. खरं सांगायचं तर पहिली दोन पानं मी चार वेळा वाचली. शब्दकोश वसतिगृहात राहिला होता. चित्रं होती म्हणून निभावलं. शेवटच्या पानांना वाळवी लागली होती आणि एका महत्त्वाच्या तक्त्याचा उजवा अर्धा भाग तिने खाल्ला होता.

चित्रांमधून मला एक भाग समजला, कारण तसलाच एक आमच्या भौतिकशास्त्राच्या पुस्तकात होता. त्याचं नाव गव्हर्नर. तो मुठीएवढा असतो आणि गिअरपेटीच्या मागच्या टोकाला बसतो. चाकांकडे जाणाऱ्या दांड्याबरोबर तो फिरतो. त्याच्यावर लोखंडी वजनांच्या दोन जोड्या बिजागरीवर टांगलेल्या असतात. गाडीचा वेग वाढला की ती वजनं बाहेर फाकतात, जत्रेतल्या चक्री पाळण्यासारखी. फाकली की आतली एक खिट्टी सरकते, तेलाचा दाब वाढतो आणि दाब पुरेसा झाला की वरचा गिअर पडतो. म्हणजे गिअर कधी बदलायचा हे ड्रायव्हर नाही, ती वजनं ठरवतात. आणि ती फक्त वेग ओळखतात, बाकी काही नाही.

हे मी परीक्षेत लिहिलं होतं. सहापैकी चार गुण मिळाले होते. प्रत्यक्षात असं काही असतं असं मात्र मला वाटलं नव्हतं.

मग मला एक शंका आली. पेट्रोल इंजिन फार जोरात फिरतं. डिझेल तेवढं फिरत नाही, त्याची ताकद सावकाशीत असते. म्हणजे दुसऱ्या गिअरमध्ये डिझेल इंजिन अगदी टोकाला गेलं तरी गाडीचा वेग पूर्वीएवढा होत नसणार. आणि वजनं तर जुन्या वेगाची वाट बघत बसलेली.

हे बोलायला मला तासभर लागला. उस्तादांच्या वयाकडे पाहून तोंड उघडत नव्हतं. शेवटी मी मामाला हळूच म्हटलं, इंजिन बदललं तेव्हा गव्हर्नर बदलला होता का. मामाने ते मोठ्याने उस्तादांना सांगितलं.

उस्तादांनी चहाचा पेला खाली ठेवला. 

"इंजिन पुढं हाय," ते म्हणाले. "गव्हर्नर मागं हाय. पुढं काय बदललं हे त्याला सांगायला कोण गेलं?"

मग ते उठले आणि आतून बिस्किटांचा एक पत्र्याचा डबा घेऊन आले. त्यात तीन जुने गव्हर्नर होते. वर्षानुवर्षांच्या भंगारातून बाजूला काढून ठेवलेले. कुठला कशाचा हे लिहून ठेवलेलं नव्हतं. एक क्रेनचा असावा, एक मोठ्या बसचा, तिसरा कशाचा ते त्यांना आठवत नव्हतं. ट्रकमधला काढून शेजारी ठेवला तेव्हा चारही एकाच आईची लेकरं दिसत होती.

दुसरा दिवस ओळख पटवण्यात गेला. मी प्रॅक्टिकलच्या वहीत चौघांची चित्रं काढली. प्रत्येकावर कुठेतरी ठोकून उमटवलेला आकडा होता; गंज घासला तेव्हा तो दिसला. वाळवीने तक्त्यातले आकडे ठेवले होते, त्यांच्यापुढचा अर्थ खाल्ला होता. उस्ताद वजनं तळहातावर घेऊन झेलत आणि 'हलका', 'भारी' असं सांगत. मी म्हटलं, किती भारी. ते म्हणाले, भारी म्हणजे भारी.

मग आम्ही जवळच्या सोनाराकडे गेलो, कारण एवढं लहान वजन तोलणारा काटा दुसरीकडे नव्हता. मी रुमाल सोडून लोखंडाचे तुकडे त्यांच्या गादीवर ठेवले. त्यांनी चष्म्यातून पाहिलं आणि विचारलं की, हे कुणाच्या अंगावर घालायचं आहे. मी सांगितलं, ट्रकच्या. त्यांनी मान डोलावली आणि एकेक तुकडा चिमट्याने उचलून सोन्यासारखाच तोलला. शेवटी म्हणाले की, गंजाची घट वजा करायची का. मी नको म्हटलं.

ट्रकचा स्वतःचा सगळ्यात हलका निघाला. त्याला मी एक नंबर दिला. बसचा मधला, तो दोन. क्रेनचा सगळ्यात जड, तो तीन. चौथ्याची बिजागरी तुटलेली होती, म्हणून तो गणतीत धरला नाही. वजन जड असेल तर ते कमी वेगातच जोराने बाहेर ओढलं जातं, म्हणजे गिअर लवकर पडतो. एवढं मला सूत्रावरून सांगता आलं. उस्तादांनी ते तळहातावरून सांगितलं. आमचं एकमत झालं, पण दोघांनाही एकमेकांची पद्धत पटली नव्हती.

अडचण पुढेच होती. गिअर लवकर पडायला हवा हे ठीक, पण किती लवकर? गाडीचा वेगाचा काटा बंद होता. इंजिनचे फेरे मोजायला काही नव्हतं. उस्ताद म्हणाले, चालवून बघू, कानाला बरं वाटलं की झालं. मी विचारलं, कुणाच्या कानाला.

तेवढ्यात मला मामाचा पाय आठवला.

ट्रकमध्ये मामाच्या डाव्या पायाखालची रबरी चटई झिजली होती. तिथे दाबायला काहीच नव्हतं, तरी झिजली होती. गिअर पडायला हवा असं इंजिन सांगायचं, तेव्हा तो पाय आपोआप खाली जायचा. पंधरा वर्षांची सवय पायातून गेली नव्हती, फक्त जोर गेला होता. मी मामाला सांगितलं की, तू नेहमीसारखी चालव, पायाकडे लक्ष देऊ नको. त्याने विचारलं, कुठल्या पायाकडे. मी म्हटलं, कुठल्याच नको.

मैत्रिणीचं घड्याळ मी मागून आणलं होतं. देगलूरच्या रस्त्यावर आम्ही रिकामा ट्रक पळवला. मी शेजारच्या सीटवर वही घेऊन मामाच्या डाव्या चपलेकडे बघत बसले. आधी दोन नंबर लावला. पाय खाली गेला, त्यानंतर चार सेकंदांनी तिसरा गिअर पडला. मी वहीत लिहिलं, 'पायानंतर चार'. तरी तिसरा गिअर पडला होता. मामाने विनाकारण हॉर्न वाजवला.

मग तीन नंबर लावला. तो पायाच्या आधीच पडला. उस्तादांनी कानस घेऊन त्याची वजनं किंचित घासली. पुन्हा लावला. पाय आणि गिअर एकदम. तीन वेळा पाहिलं, तीनही वेळा एकदम. मी लिहिलं, 'पायाबरोबर', आणि खाली रेघ मारली.

उस्ताद तीन नंबरवर खूश होते, पण पूर्ण नव्हते. म्हणाले, रिकामी गाडी म्हणजे रिकाम्या पोटाचा माणूस, त्याचं काय खरं. भरून बघायला पाहिजे. पण भरायची कशाने? टाकीच्या तोंडातून जेमतेम एक माणूस जाईल, विटा भरता येत नव्हत्या. आणि त्या उन्हाळ्यात नांदेडमध्ये जाऊन, गाडी तपासायला टाकीभर पाणी द्या, असं म्हणायची आमची कुणाची हिंमत झाली नाही.

निघताना उस्तादांनी दोन नंबरचा गव्हर्नर फडक्यात बांधून माझ्याकडे दिला.

"हा जवळ ठेव बेटी. लोहा घासून कमी होतो. जास्त करता येत न्हाई."

मी म्हटलं, तीन नंबर अगदी बरोबर बसला आहे. ते म्हणाले, हौ, बरोबरच बसलाय, तरी ठेव.

परत जाताना ट्रक चौथ्या गिअरपर्यंत गेला. मीही मामाबरोबर गेले. रजेचा तिसरा दिवस तसा संपला होता, त्याबद्दल मी नंतर रेक्टरबाईंना वेगळा अर्ज दिला.

दुसऱ्या दिवशी अप्पा स्वतः ट्रकमध्ये बसायला आले. त्यांना तीन खेपा स्वतःच्या डोळ्यांनी बघायच्या होत्या. खिडकीकडे ते, मध्ये मी, पलीकडे मामा. अप्पांच्या मांडीवर भाजलेल्या शेंगांची पिशवी होती. विहिरीवर टाकी काठोकाठ भरली आणि आम्ही गावाकडे निघालो. सपाटीला गिअर छान पडत होते. अप्पा शेंगा फोडत होते. मला वाटलं, झालं.

आमच्या वस्तीखालचा चढ लागला तेव्हा ट्रकने तिसरा गिअर टाकला. मी सवयीने मामाच्या पायाकडे पाहिलं. पाय हललाच नव्हता.

इंजिन दबलं, धडधडलं, वेग गेला, गिअर परत दुसऱ्यावर आला. इंजिनला जरा श्वास मिळाला तसा पुन्हा तिसरा पडला. पुन्हा दबलं. ट्रक पुढे जायच्या ऐवजी मान डोलवू लागला. मागे टाकीत पाणी हिंदकळत होतं. मामाने चढाच्या मध्यावर गाडी बाजूला घेतली आणि मी खाली उतरून चाकांना दगड लावले.

अप्पांनी शेंगा थांबवल्या.

"काय झालं?"

"लवकर पडायलाय," मामा म्हणाला. "पाय अजून म्हनतच न्हाई आन् हिनं टाकलाबी."

अप्पांना पायाच्या सवयीचं काही माहीत नव्हतं. त्यांनी माझ्याकडे पाहिलं. चूक मला तिथेच कळली होती. मी रिकाम्या गाडीला गव्हर्नर जुळवला होता. भरलेली गाडी चढावर असताना ड्रायव्हर थांबतो, जास्त वेग घेऊन मग गिअर टाकतो. मामाचा पाय तसा थांबला होता. वजनांना ओझं कळत नाही, चढ कळत नाही. आणि मी वहीत खाली रेघ मारून मोकळी झाले होते.

तोवर वस्तीवरच्या बाया घागरी घेऊन खाली आल्या. ट्रक आमच्या दारात थांबला होता, तेही पहिल्या खेपेला. असं पूर्वी कधी झालं नव्हतं. त्यांच्यात माझी आईही होती.

"बरं झालं हितंच बसली," एक म्हातारी म्हणाली. "सोड भाऊ पानी. हलकी व्हईल, चढल बी."

म्हातारीचं म्हणणं बरोबर होतं. अर्धी टाकी सोडली असती तर ट्रक चढला असता. वस्तीला पाणी मिळालं असतं. पण मग अप्पांनी काय पाहिलं असतं? भरलेला ट्रक चढत नाही, एवढंच.

मामा म्हणाला, "न्हाई आत्या. भरलीच न्यायची हाय."

"आमचं पानी गावाला न्यायलास व्हय? ड्रायव्हर झाला तसा लई मोठा झालास की."

"तिसरी खेप तुमची हाय."

"तिसरी खेप," दुसरी म्हणाली. "कोनत्या वर्षी?"

सगळ्या हसल्या. आई हसली नाही. तिने घागर खाली ठेवली आणि माझ्याकडे बघितलं. मामाचं तोंड गाडीकडे होतं. अप्पा आत बसून दोन्हीकडचं ऐकत होते.

मी वही काढली. दोन नंबरपुढे लिहिलं होतं, 'पायानंतर चार'. नांदेडला तो मला उशिरा वाटला होता. पण भरलेल्या गाडीत पायच उशिरा जात होता. मग कदाचित दोघं एका जागी येतील. कदाचित. मी हे मामाला सांगितलं. म्हटलं, मला खात्री नाही. तो म्हणाला, "मला तरी कुठं हाय? लाव."

त्याला गाडीखाली नीट शिरता येत नव्हतं, पायामुळे. मी शिरले. उस्तादांना काढताना आणि लावताना मी चार वेळा पाहिलं होतं, पण स्वतः केलं नव्हतं. झाकणाचे बोल्ट गरम होते. झाकण निघाल्याबरोबर तेल तोंडावर आलं. बाया वाकून बघत होत्या आणि एकमेकींना सांगत होत्या की, हिला कॉलेजात हेच शिकवतात. कुणीतरी आईला विचारलं, किती वर्षं लागतात याला. आई म्हणाली, तीन.

तीन नंबर काढला, दोन नंबर बसवला, झाकण लावलं. एक बोल्ट हातातून मातीत पडला. तो म्हातारीने शोधून दिला. बाहेर आले तेव्हा अप्पांनी पिशवीतून मूठभर शेंगा काढून माझ्यापुढे धरल्या. माझे हात तेलाचे होते, म्हणून मी नको म्हटलं.

मी दगड काढले आणि वर चढले. ट्रक हळूहळू निघाला. पहिला, मग दुसरा. दुसऱ्यात इंजिन ओरडू लागलं. मी चपलेकडे बघत होते. पाय स्थिर होता. इंजिन आणखी ओरडलं. अप्पा म्हणाले, आता पडत नाही की काय. मामा समोर बघत होता आणि वस्तीचा शेवटचा गोठा मागे गेला तेव्हा त्याचा डावा पाय खाली गेला. चटई दबली. आणि तिसरा पडला. दबला नाही, परत आला नाही. ट्रक चढ चढून वर आला.

मामाने पायाकडे पाहिलं. बहुतेक पहिल्यांदाच. मग माझ्याकडे पाहिलं आणि पुन्हा रस्त्याकडे.

पहिली खेप वेशीपाशी झाली. दुसरी शाळेपाशी. दोन्ही वेळा अप्पा गाडीतच बसून होते. दुसऱ्या खेपेनंतर त्यांनी घड्याळ पाहिलं, टरफलं खिडकीबाहेर झटकली आणि लातूरला जाणारी एस.टी. कुठे थांबते ते विचारलं. तिसरी बघायची नाही का, असं मामाने विचारलं.

"तिसरी तुझी तू बघ," अप्पा उतरताना म्हणाले. "उद्या सहाला विहिरीवर ये. उशीर करू नको."

एवढंच. गोदामाचा विषय त्यांनी काढला नाही. नंतरही कधी काढला नाही. मामा अजून तोच ट्रक चालवतो. दोन नंबर अजून त्यातच आहे, आणि रिकाम्या गाडीत गिअर जरा उशिराच पडतो. मामा म्हणतो, रिकाम्या गाडीची कुणी वाट बघत नसतं.

तिसरी खेप दिवस मावळायच्या आत वस्तीवर आली. सकाळच्याच बाया, सकाळच्याच घागरी. तिसरी खेप कुठल्या वर्षी वगैरे कुणी काही म्हणालं नाही. रांगेत कोण आधी आलं यावर भांडण सुरू झालं होतं. मामा नळीपाशी उभा राहून ते मिटवत होता. मी ओट्यावर बसले होते. परवाच्या तासाला हजर राहायचं तर सकाळची कुठली गाडी मिळेल याचा विचार करत होते.

आई भरलेली घागर घेऊन आली. माझ्याकडे तिने सकाळपासून नीट पाहिलं नव्हतं. आता पाहिलं. कपाळावर तेल, गालावर माती, वेणीला गंज.

तिने घागर टेकवली आणि त्यातून तांब्या भरून माझ्यापुढे ठेवला. त्या उन्हाळ्यात आमच्या घरी तोंड धुवायला तांब्या कुणाला मिळत नसे.

"तोंड धू," ती म्हणाली. "पानी आलंय."